ब्लेड कुणी तोडलं?

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि आयुष्यभर सातवी-आठवीच्या मुलांना संधी-समास शिकवलेल्या बाईने लोखंड कापायच्या करवतीवर लिहायला बसावं, हे आमच्या घरातल्या काहींना गमतीचंच वाटेल. वाटू दे. नागपूरच्या आणि पुण्याच्या मंडळींना ही हकिगत फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगून झाली आहे, आणि प्रत्येकाने ती आपापल्या सोयीने अर्धीच ऐकली आहे. म्हणून एकदा सलग लिहून टाकते.

यवतमाळात दारव्हा रोडच्या बाजूला आमच्या घरामागे जो मोकळा प्लॉट होता, तिथे पुतण्याने फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं आहे. ट्रॉलीचे आस, शेडचे खांब, गेट, जिनिंगवाल्यांचे शाफ्ट, असली कामं. त्यात एक बँडसॉ आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडची आरागिरणी सगळ्यांनी पाहिलेली असते. दातांचा उभा पट्टा वरच्या आणि खालच्या चाकावरून फिरत असतो आणि सागाचा ओंडका त्यावर सरकवतात. लोखंडाचा बँडसॉ हा तिचाच भाऊ, पण आडवा. दोन चाकं शेजारी-शेजारी, त्यांच्यावर दातेरी पट्टी ताणून बसवलेली. ही पट्टी म्हणजे ब्लेड. पुतण्याच्या मशीनचं ब्लेड २७ मिलिमीटर रुंद, ०.९ मिलिमीटर जाड आणि बारा फूट, म्हणजे ३६६ सेंटिमीटर लांब आहे. त्याची दोन टोकं जोडून अखंड कडं केलेलं असतं. लोखंडाचा गज खाली व्हाइसमध्ये घट्ट धरायचा. करवतीची पूर्ण चौकट वरून हळूहळू त्यावर उतरते. ती किती वेगाने उतरेल हे तेलाच्या सिलिंडरला असलेल्या एका नॉबवर ठरतं. त्या उतरण्याला हे लोक ‘फीड’ म्हणतात.

या यंत्राचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. विल्यम न्यूबेरी नावाच्या माणसाने १८०८ मध्येच लंडनला असल्या करवतीचं पेटंट घेतलं होतं. पण पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ती कागदावरच राहिली. का? तर पट्टीची दोन टोकं जोडली की जोड टिकत नसे. चाकावर वाकायचं, सरळ व्हायचं, पुन्हा वाकायचं... यात पट्टी तुटून जाई. १८४६ मध्ये आन पोलिन क्रेपँ या फ्रेंच बाईने जोड पक्का करण्याची रीत शोधून तिचं पेटंट घेतलं. पॅरिसच्या पेरँ कंपनीने ते हक्क घेतले आणि मग कुठे ही करवत खरोखर चालू लागली. म्हणजे ब्लेड तुटणं हे या यंत्राचं जन्मापासूनचं दुखणं, आणि त्यावर पहिला उतारा एका बाईने काढलेला! पुतण्याला हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं.

आता मुद्द्यावर येते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत या मशीनची तीन ब्लेडं तुटली. मशीनवर घाटंजी तालुक्यातला एक मुलगा आहे. घरी कापूस-तुरीची थोडी कोरडवाहू शेती, आयटीआयमधून फिटरचा दोन वर्षांचा कोर्स केलेला, स्वभावाने अबोल. एका ब्लेडची किंमत म्हणजे त्याची जवळजवळ आठवड्याची मजुरी. पुतण्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या ब्लेडचे पाचशे-पाचशे रुपये त्याच्या पगारातून कापले. तिसरं तुटलं तेव्हा, “हा हातच जड आहे याचा, एक तारखेपासून दुसरा माणूस बघतो,” म्हणाला. मुलगा काही बोलला नाही. मला मात्र राहवेना. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते. वर्गातली काच फुटली की ज्याच्या हातात चेंडू दिसतो त्याचं नाव लागतं, आणि प्रत्येक वेळी ते खरं असतंच असं नाही.

शिवाय त्या मशीनचा आवाज मला दिवसभर ऐकू येतो. दुपारी पडल्या पडल्या मी तो ऐकत असते. दिवाळीनंतर त्यात काहीतरी नवीन शिरलं होतं. मी पुतण्याला म्हटलंही, तर तो म्हणाला, “काकू, लोखंड कापताना आवाज येणारच. तू नको पडू यात.”

नाही पडले. चौथं ब्लेड चढवायच्या आधी मुलालाच विचारलं, “आवाज कसा येतो रे?” तो म्हणाला, “खराब येते बाई.” आता ‘खराब’ हा काय आवाज झाला? व्याकरणात अनुकरणवाचक शब्द शिकवताना फळाभर उदाहरणं लिहायचे मी. खटखट, खरखर, घरघर, किरकिर, कुरकुर, फडफड... आपल्या भाषेत आवाजांची एवढी श्रीमंती आहे आणि आपण तिला ‘खराब’ म्हणून मोकळे होतो. त्याला म्हटलं, शब्द सांग. तो थोडा विचार करून म्हणाला, “खालून घर्रर्र असते बाई, आन् मधामधात खट् वाजते.” “खट् सारखं वाजतं की थांबून थांबून?” “थांबून. पण बरोबर तेवढ्याच वेळानं.”

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं, पण त्याची किंमत मला तेव्हा कळली नाही. ती सांगितली मिस्त्रींनी. हे मिस्त्री म्हणजे जिनिंग-प्रेसिंगमध्ये हयात घालवलेले फिटर, आता निवृत्त. आमच्याच गल्लीत राहतात आणि मुलांच्या सायकली फुकट दुरुस्त करून देतात. पुतण्याने त्यांना कधी विचारलं नव्हतं, कारण त्यांनी बँडसॉ कधी चालवलेला नाही. मी मुलाला पाठवून त्यांना बोलावून घेतलं.

ते आले आणि पहिली गोष्ट म्हणाले, “काईच कापू नका. रिकामी चालवा.” चौथं ब्लेड चढवून मशीन नुसतीच सुरू केली. व्हाइसमध्ये गज नाही, चौकट वर उचललेली, फीडच्या नॉबला कुणाचा हात नाही. तरी घर्रर्र आणि खट् दोन्ही चालू! मिस्त्री पुतण्याकडे बघून म्हणाले, “आता सांग भाऊ, याच्यात पोट्ट्याचा हात कुठं आला?”

मग त्यांनी मला घड्याळ धरायला लावलं. हा भाग मला फार आवडला, कारण त्यात पाचवीच्या गणितापलीकडे काही नाही. मशीनवरच्या पत्र्यावर लिहिलं होतं की पट्टा पुलीच्या ज्या खाचेत आहे त्या खाचेला ब्लेड मिनिटाला ४० मीटर धावतं. ब्लेड ३६६ सेंटिमीटर, म्हणजे त्याचा एक फेरा सुमारे साडेपाच सेकंदांचा. चाक ३५ सेंटिमीटर व्यासाचं. पस्तीसला बावीसने गुणा, सातने भागा, बरोबर ११० सेंटिमीटर परीघ. म्हणजे चाकाचा एक फेरा साधारण १.६५ सेकंदांचा. ब्लेडचे तीन फेरे होतात तेवढ्यात चाकाचे दहा होतात. मोटर तर मिनिटाला १४४० फेरे घेते, तिचा दोष असेल तर सुटा ठोका ऐकूच येणार नाही, नुसती गुणगुण होईल. आता खट् साडेपाच सेकंदांनी येत असेल तर दोष ब्लेडमध्ये, म्हणजे जोड वर आलेला असेल किंवा एखाद्या ठिकाणचे दात गेलेले असतील. पावणेदोनच्या जरा आत येत असेल तर दोष चाकात.

मी दहा ठोके मोजले. साडेसोळा सेकंद भरले.

“चाक हाय,” मिस्त्री म्हणाले. पण चाकं दोन आहेत आणि दोन्ही सारखीच. एक मोटरच्या गिअरबॉक्सवर चालणारं आणि दुसरं ब्लेडच्या ओढीने मोकळं फिरणारं. घड्याळ यापुढे काही सांगू शकत नव्हतं. म्हणून ब्लेड उतरवलं आणि मशीन तशीच सुरू केली. आता फक्त मोटर, गिअरबॉक्स आणि चालतं चाक फिरत होतं. मिस्त्रींनी लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सच्या अंगावर टेकवलं (फिरणाऱ्या भागाला नाही, स्थिर अंगाला, हे त्यांनी मुलाला दोनदा बजावलं) आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटले. एकसारखी मऊ घूं. काही दोष नाही. मग वीज बंद करून, प्लग काढून त्यांनी दुसरं, मोकळं चाक हाताने फिरवलं. “बाई, हात लावून पाहा.” मी हात लावला. वरून गुळगुळीत दिसणारं चाक आतून दाणेदार फिरत होतं, जात्यात खडा आल्यासारखं. वर-खाली धरून हलवलं तर चाक चक्क डुलत होतं. बेरिंग गेलेलं!

एवढ्यावर काम संपलं असं मला वाटलं. पण मिस्त्री म्हणाले, “तुटलेले ब्लेड कुठं हायत? फेकले त नाई?” भंगाराच्या कोपऱ्यात तिन्ही ब्लेडं गुंडाळून पडली होती. ती उन्हात आणून त्यांनी तुटलेली टोकं निरखली. ब्लेडला एका बाजूला दात असतात आणि दुसरी बाजू म्हणजे पाठ. ही पाठ लवचीक स्प्रिंगच्या पोलादाची असते आणि दात हायस्पीड स्टीलचे, दोन्ही इलेक्ट्रॉन किरणांनी सांधलेले. दात कठीण हवेत आणि पाठ वाकणारी हवी, एका धातूत दोन्ही गुण मिळत नाहीत म्हणून ही जोडी. भेग दातांच्या खाचेतून सुरू होऊन पाठीकडे गेली असेल तर फीड जास्त सोडलेला, ताण चुकलेला, नाहीतर ब्लेडचं आयुष्य संपलेलं असू शकतं. भेग पाठीकडून दातांकडे गेली असेल तर पाठीला मागून काहीतरी घासतं आहे, असा संशय घ्यायचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ब्लेडची भेग पाठीकडून होती. पाठीची कडा चकचकीत, ठोकून पसरवल्यासारखी झालेली. आजूबाजूलाही पाठीवर केसासारख्या बारीक भेगा, अजून पूर्ण न गेलेल्या. चाक डुललं की ब्लेड सरकून चाकाच्या उंच काठावर घासायचं. तोच तो खट्. शिवाय ब्लेडला सरळ धरणारे जे गाईड असतात, त्यांत पाठीला टेकण्यासाठी एक लहान बेरिंग असतं. ते किसाने भरून जाम झालं होतं, आणि न फिरणाऱ्या त्या बेरिंगमध्ये ब्लेडच्या पाठीने चांगली खोल नाळी पाडली होती.

पहिल्या ब्लेडची भेग मात्र दातांच्या खाचेतून होती. मिस्त्री ते टोक हातात धरून काही बोलणार, तेवढ्यात मुलगाच म्हणाला, “ते माह्या हातानं तुटलं. नवीन होतो, फीड जास्त सोडला होता.” पुतण्या त्याच्याकडे बघतच राहिला. त्या ब्लेडचे पैसे त्याने कापलेच नव्हते.

मग मागचं कारण शोधलं, कारण बेरिंग गेलं हे खरं, पण ते गेलं का? दातांतला किस झाडण्यासाठी मशीनला तारेचा ब्रश असतो. तो झिजून ब्लेडला लागतच नव्हता, त्यामुळे किस गाईडमध्ये आणि चाकांपर्यंत जात होता. दुसरं कारण कूलंट. पाण्यात मिसळणारं तेल असतं, घोटलं की दुधासारखं पांढरं होतं. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे, तसंच हे तेलही त्यात नीट मिसळत नाही, फाटतं, वर साय धरते. त्यात टाकी कमी झाली की वरून नुसतं पाणीच ओतलेलं. म्हणजे तेल नावापुरतं, आणि खारं पाणी बेरिंगच्या सीलमधून आत. गंज लागला, गोळ्या खडबडीत झाल्या. आता पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी घेतात, आणि पाण्यात तेल ओततात, तेलात पाणी नाही. हा क्रम उलटा झाला तरी मिश्रण बिघडतं म्हणे. ताक आणि बेसनाचा क्रम चुकला की कढीत गाठी होतात, तसंच समजा.

चाकाची दोन बेरिंगं, गाईडचं एक आणि ब्रश, एवढं सगळं मिळून खर्च एका ब्लेडपेक्षा कमी आला. चाक बसवून ब्लेड चढवलं. नवीन ब्लेडने लगेच पूर्ण जोर लावायचा नाही, पहिले काही काप साधारण निम्म्या फीडने घ्यायचे, म्हणजे दातांची अति तीक्ष्ण धार थोडी बसते आणि दात तुटत नाहीत. हे मुलाला आयटीआयमध्ये शिकवलेलं होतं, पण घाईत कुणी तसं करू देत नव्हतं. त्याने पहिला गज कापला तेव्हा मिस्त्री मशीनकडे नाही, खाली पडणाऱ्या किसाकडे बघत होते. किस पिठासारखा बारीक पडला तर फीड कमी, दात नुसते घासतात. जाड आणि निळा पडला तर फीड किंवा वेग जास्त. नीट वळलेला, पांढरा, हाताला फार गरम न लागणारा पडला की बरोबर. आणि कापाच्या पोटात कोणत्याही वेळी निदान तीन दात असले पाहिजेत. पातळ पाइप मोठ्या दातांच्या ब्लेडने कापला की कडकड आवाज येऊन दात उडतात, ती चूक मात्र मशीनची नसते, ब्लेड निवडणाऱ्याची असते.

काम झाल्यावर चहा पिताना मी मिस्त्रींना म्हटलं, तुमचे कान अजून किती तयार आहेत! ते हसले. म्हणाले, “कान कुठले बाई, दाराची घंटी ऐकू येत नाई मले. नातीचं बोलणं अर्धं समजते.” जिनिंगमध्ये चाळीसेक रोलरच्या गिन एकदम चालतात, त्या हॉलमध्ये शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागतं. आवाजाने येणारा बहिरेपणा बारीक, उंच स्वरांपासून सुरू होतो, ४००० हर्ट्झच्या आसपास. चिमण्या, घंटा, लहान मुलांचे आवाज आधी जातात. बेरिंगची घरघर खालच्या पट्टीतली, ती शेवटपर्यंत उरते, आणि पेचकस ती थेट हाडापर्यंत आणून देतो. म्हणजे मशीन ऐकू येतं आणि नात ऐकू येत नाही. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आपल्याकडच्या कारखाना नियमांत घातली गेली, १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या अधिसूचित रोगांच्या यादीत हा बहिरेपणाही आला, पण मिस्त्रींच्या कानांना त्याचा काही उपयोग झाला नाही. जाताना ते मुलाला म्हणाले, “सकाळी पाच मिनिटं रिकामी चालव, तवा कान उघडे ठेव. कापाले लागला की कान बंद. दोन्ही पाहिजे.” पुतण्याने दुसऱ्याच दिवशी कानात घालायच्या बोळ्यांचं पाकीट आणलं. कटिंगच्या वेळी तो स्वतःही घालतो, ही त्यातली बरी गोष्ट.

धामणगावच्या स्टेशनवर पूर्वी गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेतलेला एक माणूस डब्यांच्या चाकांवर टकटक करत जायचा, हे माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. चांगलं चाक घणघणतं, तडा गेलेलं बद् वाजतं. आम्हा मुलांना तो खेळ वाटायचा. गाडीतले शेकडो लोक त्याच्या कानाच्या भरवशावर पुढे जात, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येत नसे.

एक तारखेला मुलाच्या पाकिटात हजार रुपये जास्त निघाले. पुतण्या त्याबद्दल त्याच्याशी एक शब्द बोलला नाही आणि माझ्याशीही नाही. आमच्या घरातले पुरुष एवढंच करतात. असो. नवा माणूस आला नाही, तोच मुलगा मशीनवर आहे.

मी त्याला शंभर पानी वही आणून दिली. ब्लेड कधी चढवलं, काय कापलं, कूलंट कधी बदललं आणि सकाळी रिकामी चालवल्यावर आवाज कसा होता, एवढं रोज लिहायचं. पहिल्या पानावर त्याने ‘आवाज चांगला’ लिहिलं होतं. मी लाल पेनाने खाली रेघ ओढली, सवयच ती. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं : ‘नुसता सर्रर्र. खट् नाही.’ परवाच्या पानावर आहे : ‘बारीक कुईं येते, कापतानाच येते, रिकाम्यात नाही. गज व्हाइसमध्ये सैल होता. आवळला, गेली.’

शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. त्या मी तशाच राहू दिल्या.